एका दाताला कॅप, शेजारच्याला व्हिनियर

वरचे समोरचे दोन दात, पण दोघांची दुखणी वेगळी. उजवा १९९६ साली शाळेत खो-खो खेळताना खांबावर आपटला. मोठा टवका उडाला, तेव्हाच्या डॉक्टरांनी रूट कॅनाल करून वर सिमेंट भरलं आणि पुढे तो दात हळूहळू राखाडी-तपकिरी होत गेला. डावा जिवंत, फक्त त्याचा कोपरा गेलेला. त्यावर लावलेलं सिमेंट दोन-तीन वर्षं टिकायचं, मग पिवळं पडायचं किंवा निघायचं. मी परळच्या एका शाळेत मराठी शिकवते. सहावीची मुलं काही मनात ठेवत नाहीत, त्यामुळे या दातांबद्दल जगाला काय दिसतं हे मला बरीच वर्षं ठाऊक होतं. हसताना ओठ मिटून हसायची सवय लागली होती, एवढंच.

१४ जानेवारी २०२५ला संक्रांतीच्या चिक्कीबरोबर डाव्या दाताचं सिमेंट पुन्हा निघालं आणि या वेळी कायमचं काहीतरी करून टाकायचं ठरलं. कॅप (सगळा दात झाकणारं टोपण) करायची की व्हिनियर (दाताच्या पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा), या प्रश्नावर पुढचे चार-पाच महिने गेले. मला आधी सगळी माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळाली, म्हणून सलग लिहून ठेवते.

जानेवारीच्या शेवटी ठाण्यातल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेले. नाव लिहीत नाही. रिसेप्शनवर कॉफी मिळाली, मोबाइलपेक्षा मोठ्या कॅमेऱ्याने माझे सहा-सात फोटो काढले आणि थोड्याच वेळात पडद्यावर माझाच चेहरा, पण दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले. "मॅडम, तुम्हाला दोनाचं करून उपयोग नाही, सहा व्हिनियर लागतील." एकाचे १६ हजार, सहाचे ९६ हजार, आठवड्यात ठरवलंत तर ९० हजार, हप्त्यांची सोय आहे. मी विचारलं, एक्स-रे नाही काढायचा का? ते म्हणाले, ॲडव्हान्स भरल्यावर पुढच्या वेळी काढू. तिथेच माझं मन उडालं. तीस वर्षांपूर्वीचं रूट कॅनाल केलेला दात आतून न बघता त्यावर १६ हजारांचं काय चिकटवणार? शिवाय बाजूचे चार दात चांगले होते. त्यांना का घासायचं, याचं उत्तर "एकसारखं दिसेल" यापलीकडे गेलं नाही.

मग एक किरकोळ रजा टाकून सोमवारी, ३ फेब्रुवारीला, शासकीय दंत महाविद्यालयात गेले. सीएसएमटीला उतरलं की पी. डिमेलो रोडच्या बाजूला सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात ते आहे. (महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला. पश्चिम रेल्वेवरच्यांना ते सोयीचं.) आधी केसपेपरची रांग, मग तोंड तपासणीच्या विभागात बसायचं, तिथून एक्स-रे, एक्स-रे घेऊन पुन्हा त्याच विभागात, आणि मग ते ठरवतील त्या विभागाकडे चिठ्ठी. सकाळी लवकर पोहोचा, आधार कार्ड आणि जुने कागद बरोबर ठेवा, आणि दुपारचं दुसरं काही काम ठरवू नका. पैसे म्हणाल तर खाजगीच्या मानाने नगण्य.

तिथे एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण करणाऱ्या एका मुलीने मला जे समजावलं, ते ९० हजारांच्या क्लिनिकने सांगितलं नव्हतं. एक्स-रे उजेडाला धरून तिने पेनाचं टोक ठेवलं. "हे पांढरं दिसतंय ते रूट कॅनालमधलं भरण. ते इथे संपतंय. मूळ मात्र इथपर्यंत आहे." मधली जागा रिकामी होती आणि मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढी काळी सावली. म्हणजे आत जंतुसंसर्ग होता, कळ न देता. वरून कॅप लावा नाहीतर व्हिनियर, आधी रूट कॅनाल पुन्हा करावंच लागणार होतं. मला तर तो दात कधी दुखलाही नव्हता.

मग मी माझा मूळ प्रश्न विचारला. ती म्हणाली, दोन्ही दातांसाठी एकच प्रश्न विचारू नका, प्रत्येक दाताला वेगळा विचारा: याचा स्वतःचा भाग किती उरलाय? व्हिनियर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेला, कृत्रिम नखाएवढा पातळ पापुद्रा. त्यासाठी साधारण अर्धा मिलिमीटर घासतात, आणि तोही शक्यतो दाताच्या सगळ्यात बाहेरच्या कडक थरातच, म्हणजे इनॅमलमध्ये, कारण चिकटायला तोच थर भरवशाचा. इनॅमलच नसेल, नुसतं जुनं सिमेंट असेल, तर व्हिनियर कशाला धरून बसणार? कॅप दाताला सगळीकडून झाकते, म्हणून दात चारही बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर कमी करावा लागतो. तुटक्या, पोकळ झालेल्या दाताला ती आवळून धरते. पण चांगल्या जिवंत दाताला कॅप करायची म्हणजे निरोगी दाताचा बहुतेक भाग पावडर करून टाकायचा. नंतर मी वाचलं, २००२ सालच्या एका अभ्यासात समोरच्या दातांचं हे अक्षरशः वजन करून पाहिलं होतं: व्हिनियरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला ३ ते ३० टक्के भाग जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. हा आकडा वाचल्यावर डाव्या दाताबद्दलची माझी शंका संपली. आणि दोन्ही प्रकारांत घासलेलं परत येत नाही, हे कुठल्याही जाहिरातीत ठळक अक्षरांत नसतं.

उपचार मात्र मी तिथे घेतले नाहीत. कारण एकच, आठवड्यातल्या दिवशी सकाळी वारंवार जावं लागलं असतं आणि दहावीच्या तोंडावर शाळेतून तेवढ्या रजा मिळणं शक्य नव्हतं. वेळ हाताशी असेल तर जरूर जा. "शिकाऊ पोरं करतात" म्हणून लोक नाकं मुरडतात, पण तिथे प्रत्येक पायरीनंतर मागे उभे असलेले सर येऊन तपासत होते. खाजगीत असं कोण तपासतं?

शेवटी मुलुंड पूर्वेला, घरापासून चालत जाता येईल अशा एका डॉक्टरांकडे गेले. त्या स्वतः कृत्रिम दात आणि कॅपच्या विषयातल्या एमडीएस आहेत, आणि रूट कॅनालचे स्पेशालिस्ट त्यांच्याकडे शनिवारी येतात. मुंबईत ही पद्धत सर्रास आहे, पण ती माहीत नसेल तर "आज डॉक्टर नाहीत" ऐकून माणूस वैतागतो. म्हणून पहिल्याच फोनवर विचारून घ्या की कोणतं काम कोण करणार आणि कोणत्या वारी. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक त्यांच्या पावतीवरच छापलेला होता.

या डॉक्टरांनी मला तीन पर्याय दिले आणि सगळ्यात स्वस्त आधी सांगितला. डाव्या दाताला पुन्हा सिमेंट लावू, दोन हजारांत होईल, दात अजिबात घासावा लागणार नाही, पण चार-पाच वर्षांनी पुन्हा. दुसरा, व्हिनियर. तिसरा, कॅप, "पण ती मी करणार नाही, ताई, या दाताला कॅपची गरजच नाही." उजव्याबद्दल त्या थोड्या थांबून बोलल्या. रूट कॅनाल झालेल्या समोरच्या प्रत्येक दाताला कॅप लागतेच असं नाही. दात मागून-पुढून शाबूत असेल तर मागचं भोक बुजवून आतून ब्लीच करूनही भागतं. माझा शाबूत नव्हता. अर्धा भाग सिमेंटचाच होता.

घरी यावर चर्चासत्र झालं. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं मत: "पंधरा वर्षं कवळी वापरतेय, काही अडत नाही." नवऱ्याचं मत: जे काय करायचं ते एकदाच कर. डॉक्टरांनी त्याला मात्र वेगळंच विचारलं होतं, ही झोपेत दात खाते का? तो लगेच म्हणाला, "खाते म्हणजे? मला जाग येते." मला पत्ताच नव्हता. दात खाणाऱ्या माणसाचं व्हिनियर टवका उडून निघू शकतं, म्हणून सगळं झाल्यावर रात्री नाइट गार्ड (दातांवर चढवायचं प्लास्टिकचं आवरण) घालायचं या अटीवरच डॉक्टर व्हिनियरला तयार झाल्या. तुमच्या खोलीत कोण झोपतं त्यांना हा प्रश्न आधी विचाराच.

१५ फेब्रुवारी, शनिवार: जुनं रूट कॅनाल उघडलं. जुना गट्टा-पर्चा, म्हणजे मुळात भरलेला रबरासारखा पदार्थ, काढायलाच निम्मा वेळ गेला. दात मेलेला असल्याने दुखलं नाही, जबडा मात्र उघडा ठेवून ठेवून अवघडला. आत औषध भरून दोन आठवडे बंद. १ मार्चला टोकापर्यंत नीट भरून झालं. ८ हजार.

त्यानंतर मुद्दाम घाई केली नाही. एक तर वार्षिक परीक्षेचे गठ्ठे, दुसरं म्हणजे डॉक्टरांना दात शांत झालेला बघायचा होता. एप्रिलमध्ये आतून ब्लीच सुरू केलं. मला आधी कळेना, वर कॅपच येणार आहे तर आतला दात गोरा करून काय करायचं? कारण असं की ई-मॅक्स नावाचं जे सिरॅमिक त्या वापरणार होत्या, त्यातून थोडा उजेड आरपार जातो, म्हणून ते खऱ्या दातासारखं दिसतं. पण आत काळपट खुंट असेल तर तोही आरपार दिसतो. ते झाकायला जाड, अपारदर्शक कॅप करावी लागते आणि मग ती शेजारच्या व्हिनियरपुढे खडूसारखी दिसते. झिरकोनिया हे दुसरं सिरॅमिक जास्त मजबूत, आणि दाढेसाठी त्यांनी तेच सुचवलं असतं, पण समोर, तेही ई-मॅक्सच्या व्हिनियरला खेटून, दोघांची चमक जुळवणं कठीण. सगळ्यात स्वस्त धातूवरची सिरॅमिक कॅप. तिची हिरडीपाशी काही वर्षांनी राखाडी रेघ दिसू लागते. माझ्या मोठ्या जावेची तशी आहे, आता मुद्दाम पाहिल्यावर दिसली.

ब्लीच म्हणजे रूट कॅनालच्या तोंडावर आधी सिमेंटचा घट्ट थर देऊन त्यावर सोडियम परबोरेटची पेस्ट ठेवायची, वरून तात्पुरतं बंद, आणि आठवड्याने बदलायची. खालचा थर महत्त्वाचा. तो नसेल तर औषध मुळाकडे झिरपून हिरडीजवळ दात बाहेरून झिजू शकतो. १९ एप्रिलपर्यंत तपकिरी रंग जाऊन दात फिकट पिवळ्यावर आला. ३ हजार. ब्लीचनंतर लगेच काही चिकटवायचं नसतं, कारण दातात उरलेला ऑक्सिजन सिमेंटची पकड कमी करतो. म्हणून दोन आठवडे विश्रांती, तोवर मे महिन्याची सुट्टी लागलीच. शिक्षकांनी हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवावं. तात्पुरते दात लावून वर्गात पाच तास बोलायची कल्पनाही करवत नाही.

५ मेला खुर्चीवर बसण्याआधीच डॉक्टरांनी मला खिडकीशी नेलं. लिपस्टिक पुसायला लावली आणि रंगांची पट्टी दाताशेजारी धरली. त्यात ए, बी, सी, डी अशा गटांत मिळून १६ छटा असतात. रंग सगळ्यात आधी घ्यायचा, कारण तोंड उघडं राहून दात सुकला की तो खोटाच पांढरा दिसायला लागतो. माझ्या खालच्या दातांना धरून ए-२ ठरला, हिरडीकडे जरा गडद. मी हळूच एक छटा उजळ मागून बघितली. त्यांनी ती धरून आरसा हातात दिला, मीच नको म्हटलं. त्याच दिवशी उजव्या दातात फायबर पोस्ट, म्हणजे मुळात बसवायची बारीक काडी, घालून वर खुंट बांधला, त्याचे ४ हजार. लॅबला त्या खुंटाचाही फोटो, शेजारी रंगाची पट्टी धरून, गेला.

८ मेला दोन्ही दात घासले. डाव्याला इंजेक्शन. टोचताना नाकाखाली झिणझिणतं, डोळ्यांत पाणी येतं, मग ओठ दुसऱ्याचा वाटतो. घासणं मात्र चटकन झालं. त्रासदायक काय असेल तर हिरडीच्या फटीत दाबून बसवलेला बारीक दोरा, माप नीट यावं म्हणून. माप झालं, तात्पुरते प्लास्टिकचे दात बसले. मधल्या काळात आरशात मी मलाच ओळखीची वाटत नव्हते आणि 'श' बोलताना शिट्टी वाजायची. तात्पुरतं व्हिनियर अगदी टेकवल्यासारखं लावलेलं असतं, ते रविवारी चपाती खाताना निघालं. डॉक्टरांचं फोनवर पहिलं वाक्य: "फेविक्विक लावू नका!" म्हणजे लोक लावत असणार. तुकडा डबीत जपून ठेवला, गार पाणी टाळलं, सोमवारी परत बसवून मिळालं.

१६ मेला लॅबहून काम आलं. न चिकटवता, नुसत्या ओलसर पेस्टवर बसवून बघितलं. व्हिनियर सुरेख. कॅप मात्र जरा मेलेली, पांढरट. खुर्चीवरच्या दिव्यात दोन्ही सारखे वाटत होते, दाराशी उजेडात गेले तेव्हा फरक कळला. डॉक्टर म्हणाल्या, एकदा चिकटवलं की तोडल्याशिवाय निघत नाही, परत पाठवूया. माझी आतून चुळबुळ, कारण २५ला भाचीचा साखरपुडा होता. पण लॅबकडून पुन्हा करून घेण्याचे पैसे पडले नाहीत. तुम्हीही बसवून बघताना आरसा घेऊन दिव्याखालून उठा, बाहेर जा, मोबाइलवर फोटो काढून घ्या, बरोबर आलेल्या माणसाला विचारा. ही वेळ संकोच करण्याची नाही.

२४ मेला नवी कॅप आली आणि जुळली. फिफ्टी ते सिक्स्टी मोजायला लावलं, दाताची लांबी खालच्या ओठाला कुठे टेकते ते पाहायला. मग तोंडावर रबराचा पडदा, दातावर निळं जेल, धुणं, सुकवणं, सिमेंट, निळा दिवा. कॅपपेक्षा व्हिनियर चिकटवायला जास्त वेळ लागला. लाळेचा थेंबही चालत नाही म्हणे. शेवटी निळा कागद चावायला देऊन उंच लागणारी जागा घासून घेतली. दोन दिवसांनी तपासणी होती, पण २६ मेला मॉन्सून वेळेच्या दोन आठवडे आधीच मुंबईत धडकला, रेल्वे कोलमडली आणि डॉक्टरच पोहोचू शकल्या नाहीत. पुढच्या शनिवारी गेले.

हिशेब असा: तपासणी आणि एक्स-रे ८००, रूट कॅनाल ८ हजार, ब्लीच ३ हजार, पोस्ट ४ हजार, कॅप १३ हजार, व्हिनियर १३ हजार, नाइट गार्ड ४ हजार. एकूण ४५ हजार ८००. नवऱ्याच्या कंपनीच्या मेडिक्लेमला विचारलं, तर अपघातानंतर रुग्णालयात भरती व्हावं लागलं असेल तरच दातांचा खर्च, असं लेखी उत्तर आलं. १९९६चा खो-खोचा खांब त्यात बसत नाही. तरी प्रत्येक कामाची वेगळी पावती मागून घेतली, आणि लॅबचं कार्ड, वापरलेलं सिरॅमिक आणि ठरलेली छटा हे सगळं एका कागदावर लिहून घेऊन फाइलला लावलं. उद्या डॉक्टर बदलले किंवा एकातलं काही तुटलं, तर हाच कागद लागणार.

आता समोरच्या दातांनी ऊस सोलणं, पेरू अख्खा चावणं, दोरा तोडणं बंद. पेरू कापून खाते. हिरडी पहिले चार-पाच दिवस हुळहुळी होती, 'श' आठवड्यात जागेवर आला. व्हिनियर दहा-पंधरा वर्षं टिकावं, मग बदलावं लागेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. नाइट गार्ड रोज साध्या साबणाच्या गार पाण्याने धुवायचं, गरम पाण्यात ते वाकडं होतं. डिसेंबरमध्ये एक्स-रे काढला तेव्हा मुळाची सावली निम्म्याहून लहान झाली होती. पुढचा एक्स-रे वर्षभराने.